उतारावर पेडल आपटतं, पाय निसटतो, खाली पोचेपर्यंत मांड्या संपतात: काय काय तपासायचं

आधी प्रॉब्लेम सांगतो म्हणजे तुमचाही तोच आहे का ते कळेल. टेकडीच्या ट्रेलवरून (कच्च्या पायवाटेवरून) माउंटन बाइक खाली घातलीय, जीव तोडून पेडल मारतोय, तरी पुढचा मित्र फारसे पाय न हलवता लांब लांब जातोय, मधेच खट्ट करून पेडल दगडाला लागतं आणि सायकल एका बाजूला उडते, कधी पाय निसटून पेडलच्या पिना नडगीत घुसतात, आणि खाली आल्यावर मांड्या इतक्या भरून येतात की कोणाला वाटेल हा माणूस आत्ता चढ चढून आला. एखाद्या वेळी झालं तर ठीक आहे, होतं. दर रविवारी होत असेल तर कुठेतरी ठरलेली चूक आहे आणि ती सापडते.

माझं दोन सीझन हेच चालू होतं. मी पुण्यात चालवतो, बरंचसं वेताळ टेकडी आणि आसपास, सुट्टी जुळली तर मुळशी-लोणावळ्याकडे. आपल्याकडची जमीन तुम्हाला माहितीच आहे, वर सुटा मुरूम, मधे मधे कातळाच्या पायऱ्या, कुठे निव्वळ घसारा, आणि पाऊस संपला की ऑक्टोबरात गुडघाभर गवत आणि त्या गवतात दडून बसलेले धोंडे. पेडल आपटायला याहून सोयीची जागा नाही. म्हणून मी बरेच दिवस सगळा दोष जमिनीला दिला, मग सायकलला दिला. पेडल जाड वाटली म्हणून पातळ घेतली. क्रँक, म्हणजे पेडल ज्या दांड्याला लागतं तो, लांब वाटला म्हणून 175 मिलिमीटरचा काढून 165 चा टाकला. शॉकमधली, म्हणजे मागच्या सस्पेन्शनमधली, हवा वाढवली. प्रत्येक बदलानंतर दोन राइड बरं वाटायचं, तिसऱ्या राइडला परत खट्ट.

शेवटी एकदा मागून येणाऱ्या मित्राने मोबाइल छातीला बांधून माझा व्हिडिओ काढला. तो बघून मला अक्षरशः लाज वाटली. पेडल मारत नसताना माझा उजवा पाय सरळ खाली लोंबत होता, बैलगाडीच्या मागे बसून पाय सोडावेत तसा. आणि दुसरं म्हणजे मी सतत तीन-चार पेडल मारत होतो आणि लगेच ब्रेक दाबत होतो, परत तीन-चार पेडल, परत ब्रेक. पूर्ण उतारभर. म्हणजे सायकलमध्ये काहीच बिघाड नव्हता, हजारो रुपये घालून मी पायाची सवय दुरुस्त करायला निघालो होतो.

तर पैसे खर्च करायच्या आधी दोन चाचण्या करा, दोन्ही फुकट आहेत.

पहिली चाचणी, ओरखडे वाचा. पेडलच्या बाहेरच्या कडेला आणि क्रँकच्या टोकाला थोडं नेलपेंट लावा, घरात कोणाचं तरी असतंच (विचारून घ्या). एक राइड करून या आणि बघा रंग कुठे उडालाय. एकाच बाजूला उडाला असेल तर तो पाय रिकाम्या वेळी खाली लोंबतोय, म्हणजे माझा आजार. दोन्ही बाजूंना सारखा उडाला असेल तर तुम्ही जिथे पेडल मारायचं नाही तिथे मारताय. फक्त पेडलच्या बाहेरच्या खालच्या कोपऱ्याला घासलं असेल तर ते वळणात, सायकल कललेली असताना लागतंय. आणि पेडलला काहीच नाही पण पुढच्या चेनरिंगचे (क्रँकजवळच्या दात्यांच्या चकतीचे) दात चेपलेत किंवा तिच्या संरक्षक कड्यावर, बॅशगार्डवर, घाव आहेत, तर तो पेडलिंगचा विषयच नाही, तुम्ही पायऱ्या फार हळू उतरताय आणि पुढचं चाक खाली गेल्यावर पोट टेकतंय.

दुसरी चाचणी थोडी वेडगळ वाटेल, पण मला सगळ्यात जास्त तिनेच शिकवलं. चेन काढा. खरंच. क्विक लिंक (चेनची उघडता येणारी कडी) उघडून चेन खिशात टाका आणि ओळखीचा, सोपा, छोटा उतार चेनशिवाय उतरून या. हात-ब्रेक नीट चालतायत ना ते आधी बघा, चेन लोंबकळत ठेवू नका, हेल्मेट आणि नी-पॅड घाला, आणि पहिल्यांदा हळू जा, कारण पहिल्या दहा मीटरातच एक गंमत कळते. पुढच्या पायावर जास्त भार टाकला की क्रँक भस्सकन खाली पळतो, त्याला धरून ठेवायला चेनच नाही. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तरच पेडल आडवी राहतात. मला वाटत होतं मी सारखाच उभा राहतो, प्रत्यक्षात माझा जवळजवळ सगळा भार एका पायावर होता. नुसतं 'आज पेडल मारायचं नाही' असं ठरवून हे होत नाही, पाय आपोआप फिरतात, चेन काढली की विषयच संपला.

आणि मग खाली येऊन वेळ बघा. मी घड्याळ लावून बघितलं होतं, साधारण तीन मिनिटांच्या उतारात चेन असताना आणि नसताना माझ्यात सात सेकंदांचा फरक होता. सात! म्हणजे दोन सीझन जी मांडीची वाट लावत होतो त्याची कमाई एवढीच.

जगातली सगळ्यात प्रसिद्ध चेन-नसलेली राइड तर तुम्ही बघितली असेल, 2015 चा लिओगांगचा डाउनहिल (उतारावरच्या शर्यतीचा) वर्ल्ड कप, ऑस्ट्रियात. अमेरिकेच्या आरन ग्विनची चेन स्टार्ट गेटमधून निघताना पहिल्याच जोरात तुटली, आणि तो तसाच खाली आला आणि जिंकला. नसेल बघितली तर त्याचे पाय आणि बोटं बघा, बाकी सोडा. ब्रेक किती कमी वेळा लागतोय, आणि प्रत्येक उंचवट्याच्या पलीकडच्या उताराला तो हातापायांनी सायकल कशी दाबतोय. अर्थात लगेच चेन भंगारात विकू नका. दक्षिण आफ्रिकेतलं पीटरमॅरिट्झबर्ग, जिथे 2013 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली आणि तिथलाच ग्रेग मिनार जिंकला, त्या ट्रॅकच्या मधे भलीमोठी सपाटी आहे, तिथे चेनशिवाय कोणाची डाळ शिजली नसती. म्हणजे पेडल मारायचंच आहे. कुठे, एवढाच प्रश्न आहे.

थोडा हिशोब सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा, पण मला तो कळल्यावरच पटलं. माणूस अधिक सायकल मिळून 85 किलो धरा. 100 मीटर उंची उतरलात तर उतार तुम्हाला साधारण 83 किलोज्यूल ऊर्जा फुकट देतो. तुम्ही पाच सेकंद 400 वॉटने, म्हणजे आपल्यासारख्यांनी तोंड वाकडं करून मारलेलं पेडलिंग, त्यातून येतात 2 किलोज्यूल. आता उलटं बघा. ताशी 25 वरून 18 वर यायला ब्रेक दाबला की 1 किलोज्यूल डिस्कमध्ये गरम होऊन गेला. म्हणजे एकदा विनाकारण घाबरून ब्रेक दाबला की अडीच सेकंदांचं जीव तोडून मारलेलं पेडलिंग वाया. माझ्या व्हिडिओत मी अडीच-तीन सेकंद पेडल मारत होतो आणि मग ब्रेक. हिशोब बरोबर शून्य, आणि वर मांड्यांचं दुखणं बोनस.

म्हणून माझा नियम आता असा आहे की पुढच्या ब्रेकची जागा दिसत असेल तर पेडल मारायचं नाही. वळणात शिरताना नाही, वळणातून बाहेर पडताना, सायकल सरळ उभी व्हायला लागली की तेव्हा. सुरुवातीला गेटमधून किंवा टेकडीच्या माथ्यावरून निघताना चार-पाच जोरात, कारण तेव्हा वेग शून्य असतो आणि प्रत्येक पेडल मोजून फळ देतं. मधल्या गुळगुळीत सपाट तुकड्यावर. छोट्या चढाच्या आधी, चढावर नाही, आधी. बाकी ठिकाणी पेडल आडवी ठेवून उभं राहायचं आणि जमिनीच्या लाटा दाबत जायचं.

आता आपटण्याबद्दल सविस्तर, कारण सगळ्यात जास्त लोक यानेच पडतात.

खाली नेमकी किती जागा असते याचा आपल्याला अंदाजच नसतो. माझ्या फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे दबणाऱ्या) सायकलचं उदाहरण घ्या, 150 मिलिमीटर ट्रॅव्हल आहे, म्हणजे सस्पेन्शन तेवढं दबू शकतं, आणि बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्याभोवती फिरतो तो मध्य, जमिनीपासून 340 मिलिमीटरवर. मी बसलो की सस्पेन्शन दबून तो साधारण 300 वर येतो. त्यातून हिशोबाला 170 चा क्रँक धरून तो वजा, पेडलची अर्धी जाडी 8 वजा, उरले 122. म्हणजे सोललेला नारळ जेमतेम खालून जाईल. हे स्थिर उभं असताना. एखाद्या ठोक्यात सस्पेन्शन दोन्हीकडे पूर्ण दबलं आणि नेमका तेव्हाच पाय खाली असला तर 340 मधून 150, 170 आणि 8 गेले, राहिले 12 मिलिमीटर. एका बोटाची जाडी! आणि सायकल वळणात 20 अंश कलली की आतल्या बाजूचं पेडल आणखी साडेसहा सेंटीमीटर खाली येतं. क्रँक 175 चा 165 केला तर वाचतो एक सेंटीमीटर. वाचतो हे खरं, पण पाय आडवा ठेवला तर 17 सेंटीमीटर वाचतात, तेही फुकट.

हार्डटेलवाल्यांना (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्यांना) वाटेल आपलं मागचं दबत नाही, आपण सुटलो. नाही, कारण हार्डटेलचा बॉटम ब्रॅकेट मुळातच खाली असतो, 310 च्या आसपास, आणि 175 चा क्रँक धरला तर हिशोब फिरून तिथेच येतो.

शॉक मऊ ठेवायची हौस असेल तर सॅग, म्हणजे नुसत्या तुमच्या वजनाने शॉक किती दबतो ते, एकदा मोजून घ्या. सगळे कपडे, पाण्याची बॅग घालून उभे राहा, रबरी रिंग किती सरकली बघा, शॉकच्या स्ट्रोकच्या 30 टक्क्यांच्या वर गेली असेल तर हवा भरा. दोन मिनिटांचं काम आहे, पंप कोणाचा तरी मागून घ्या.

पण मग दगडांच्या पट्ट्यात वेग कमी झाला आणि पेडल मारणं भागच असेल तर? इथे आपल्या लहानपणीची विद्या कामी येते. बाबांच्या किंवा आजोबांच्या 22 इंची काळ्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारलंय ना? पूर्ण चक्र फिरवायला पाय पुरायचा नाही म्हणून अर्धं दाबायचं, मागे घ्यायचं, परत अर्धं दाबायचं, कट-कट कट-कट आवाज करत गल्लीभर. अगदी तेच. पेडल आडवी, पुढचा पाय जरा वर घ्या, दाबा, आडव्याच्या थोडं खालपर्यंत, लगेच उलटं फिरवून परत वर, परत दाबा. पाय कधीच तळाला जात नाही त्यामुळे दगडाला लागायचा प्रश्न येत नाही. दोन-तीन असे झटके दिले की दगडांचा पट्टा पार होतो. इंग्रजीत त्याला रॅचेटिंग म्हणतात आणि लोक त्याचे कोर्स घेतात, आपण ते सात वर्षांचे असताना शिकलो आणि विसरलो.

यात एक मेख आहे ती म्हणजे फ्रीव्हील. पाय दाबल्यावर चाक लगेच पकडतं का आधी थोडी मोकळी जागा जाते, ते हबवर (मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यावर) अवलंबून. मागचं चाक उचला, क्रँक धरून ठेवा, चाक हाताने पुढे पूर्ण एक फेरा फिरवा आणि आत किती टिकटिक झाली मोजा. 18 झाली तर हबमध्ये 20 अंशांपर्यंत मोकळी जागा, 36 झाली तर 10, 72 झाली तर 5. पायाला जाणवणारी जागा गिअरवर ठरते, पुढे 32 आणि मागे 24 दात असतील तर हबमधले 20 अंश पायाला 15 वाटतात, मागे 11 असतील तर सातच. म्हणून स्वस्त हब असला तरी हाफ पायडल जरा जड गिअरवर मारलं की बरंच बरं लागतं. आणि दाबल्यावर पकडतच नसेल, कधी पकडतं कधी घसरतं असं होत असेल तर त्यावर टेक्निक शोधत बसू नका, आतले कुत्ते (पकड घेणारे छोटे खटके) झिजलेत किंवा ग्रीस सुकून चिकटलेत, सायकलवाल्याला सांगा, तो उघडून साफ करून देईल. उतारावर उभं राहून जोर लावला आणि तेव्हाच ते घसरलं तर गुडघा हँडलला लागतो, मी बघितलंय एकाचा.

वळणाचं वेगळं. सपाट, सुट्या मुरमाच्या वळणात बाहेरचा पाय खाली आणि त्यावर भार, म्हणजे उजवीकडे वळताना डावा पाय खाली. आतलं पेडल आपोआप वर जातं, कललं तरी लागत नाही. जिथे वळणाला मातीची भिंत आहे, बर्म, तिथे पेडल आडवी ठेवली तरी चालतं. माझ्यासारख्यांची अडचण अशी की उजवा पाय खाली नेणं सहज जमतं आणि डावा नेताना मेंदू अडखळतो. यावर उपाय म्हणजे रिकाम्या पार्किंगमध्ये दोन चपला ठेवून इंग्रजी आठचा आकडा फिरवत बसणं. सोसायटीतली पोरं हसतात. हसू द्या. मला दोन महिने लागले.

गिअरची चूक बहुतेक सगळे करतात आणि ती वरच होते, उतार सुरू व्हायच्या आधी. चढ चढून आलो, धापा टाकतोय, फोटो काढले, पाणी प्यायलो आणि चढाच्याच हलक्या गिअरवर खाली सुटलो. आता 29 इंची चाकाला 32-24 वर ताशी 20 चा वेग ठेवायचा तर पाय मिनिटाला 108 वेळा फिरले पाहिजेत. खडबडीत जमिनीवर उभं राहून 108 कोणालाच जमत नाही, पाय नुसते भिरभिरतात, ढुंगण सीटवर आपटतं, चेनला ताण नसल्याने ती फटके मारते. हेच लोक मग म्हणतात की पेडल मारून काही होत नाही. तोच वेग सोडा, 25 चा वेग धरा आणि 32-15 लावा, तर फेरे होतात 85 च्या आसपास आणि प्रत्येक दाबाला काहीतरी हाती लागतं. म्हणून माथ्यावरच, सुटायच्या आधी, तीन-चार गिअर जड करून ठेवा. मधे बदलायची वेळ आली तर दोन हलके फेरे मारत बदला, पूर्ण जोर लावून बदललं की कडाक्कन आवाज येतो आणि कधीतरी चेन तुटते, आणि तुम्ही ग्विन नाही.

मागच्या अगदी शेवटच्या, 11 दातांच्या कॉगवर (चकतीवर) टाकून ठेवायचा मोहही टाळा. 32-11 म्हणजे 90 फेऱ्यांना ताशी 36, टेकडीच्या ट्रेलवर तो वेग मला तरी कुठे मिळत नाही, आणि तिथे चेन सगळ्यात सैल असते त्यामुळे ठोक्यांत जास्त उडते. चेन पडायचा त्रास असेल तर आधी एवढं करून बघा. पुढे तीन चेनरिंग असलेल्या सायकली असतील तर उताराला मधली ठेवा, तेवढ्यानेही बराच फरक पडतो. तरीही पडत असेल तर एकच नॅरो-वाइड चेनरिंग (एक दात जाड, एक बारीक, म्हणजे चेन धरून ठेवते) आणि क्लचवाला, चेन ताणून धरणारा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग), हा एक खर्च मी मनापासून करायला सांगेन.

पाय निसटण्याचं कारण नव्वद टक्के वेळा बूट नसून उभं राहण्याची पद्धत असते (नव्वद हा माझा अंदाज, भांडू नका). सीट वर, गुडघे ताठ, टाचा वर, सगळा भार हातांवर, अशा अवस्थेत ठोका बसला की पेडल खाली जातं आणि पाय हवेत राहतो. टाच थोडी खाली सोडली की ठोका पायाला पेडलमध्ये दाबतो, पेडलवरून उडवत नाही. पाय चवड्याच्या टोकावर नको, थोडा पुढे सरकवून चवड्याच्या जरा मागचा भाग पेडलच्या मध्यावर आला पाहिजे. ड्रॉपर पोस्ट (बटणाने खाली जाणारा सीटचा दांडा) असेल तर तो दाबायला विसरू नका, नसेल तर माथ्यावर क्विक रिलीज उघडून सीट हाताने सहा-सात सेंटीमीटर खाली करा, त्याला पैसे पडत नाहीत. सीट वर ठेवून बसल्या बसल्या खडबडीवर पेडल मारणं हा सगळ्यात वाईट प्रकार, प्रत्येक उसळीला सीट तुम्हाला खालून लाथ मारते आणि पायाची लय तुटते.

बुटांचं एवढंच की मॉर्निंग वॉकचे फुगीर सोलचे शूज नकोत, सपाट आणि जरा चिकट सोल हवा, आणि पावसाळ्यात लाल-काळी माती सोलमध्ये भरली की माथ्यावर काडीने काढून मग सुटा. क्लिपलेस पेडल (बूट ज्यात अडकून बसतो ती) लावली की प्रश्न सुटतो असं बरेच जण सांगतात. पाय निसटणार नाही हे खरं, पण टाच वर ठेवायची सवय तशीच लपून राहते. सॅम हिल या रेसरने 2017, 2018, 2019 अशी तीन वर्षं एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज ही माउंटन बाइकची शर्यत-मालिका फ्लॅट, म्हणजे बूट न अडकणाऱ्या साध्या पेडलवर जिंकली, तेव्हा फ्लॅटमुळे आपण मागे पडतो हे कारण तरी देऊ नका.

फुल सस्पेन्शनवाल्यांना अजून एक गोष्ट जाणवते, मोठ्या ठोक्यात पेडल पायाखालून मागे ओढल्यासारखं वाटतं. तो भास नाही. मागचं चाक वर दबताना बऱ्याच डिझाइनमध्ये चेनवर ओढ येते आणि ती क्रँकला उलटं खेचते. मागचा ब्रेक करकचून दाबून चाक लॉक केलं असेल तर ते फार जाणवतं. ब्रेक जरा सोडा, कमी होतं.

आणि उभं राहून जोर लावताना रस्त्यावरच्या स्प्रिंटसारखी सायकल डावी-उजवी झुलवू नका. मुरमावर मागचं चाक फुर्रर्र करून जागच्या जागी फिरतं. कोपरं बाहेर, हँडल शक्य तितकं स्थिर, कंबर थोडी मागे म्हणजे मागच्या चाकावर वजन राहील, आणि पेडलला झटका न देता दाब द्यायचा. चाक घसरतंय असं वाटलं तर एक गिअर जड करा, जोर आपोआप पसरून लागतो.

सकाळी टेकडीवर चालायला येणारे आजी-आजोबा असतात, कुत्री असतात, मोर असतात. हे सगळे प्रयोग तिथे करू नका, निदान सहा ते नऊ तरी नको. त्या वेळात चेन काढून तर अजिबात नको.

नेलपेंट मी अजून लावतो, दर महिन्याला एकदा. उजवीकडचं आता टिकतं. डावीकडचं एका ठिकाणी हमखास उडतं, खाणीकडे उतरताना कातळाच्या दोन पायऱ्या आहेत आणि लगेच आडवं डावं वळण, तिथे मी दुसऱ्या पायरीनंतर घाईने एक पेडल मारतोच मारतो. व्हिडिओत दिसतं, मला चालवताना कळत नाही. पुढच्या रविवारी वरूनच चेन काढून जाणार आहे.